गुडघ्यात उगवलेला सूर्य

पोळ्याच्या दिवशी बैलाने तुडवले म्हणून माझा पाय गेला, असे आमच्या घरात आजही सांगितले जाते. धाकटे बंधू ही कथा इतकी रंगवतात, की बैलाचा रंगही दर वेळी बदलतो. ते साफ खोटे आहे. बैलाने मला स्पर्शही केला नव्हता. ज्याचा पाय गेला, त्याला विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते, त्या काळातली ही गोष्ट. वरवट बकाल गावच्या आमच्या शेतात कपाशी फुटत होती आणि मी विशीत होतो. गुडघ्याच्या वर सूज आली. घरच्यांनी ती लचक ठरवली. हाडवैद्याने तेल लावून चोळले, मग बिब्ब्याचे चटके दिले. सूज वाढतच गेली. दुखण्याच्या गुंगीत मला कपाशीची बोंडे माझ्याच मांडीवर उमलताना दिसत.

अकोल्याच्या डॉक्टरांनी ते डाग पाहून कपाळाला हात लावला. हाडाच्या फोटोची काच त्यांनी खिडकीशी धरली. हाडातून बारीक किरण बाहेर फुटले होते, सूर्य उगवावा तसे. इतके सुंदर काही माझ्या देहात असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

"हा हाडातच उपजलेला कर्करोग दिसतो," ते म्हणाले. "तुकडा तपासून खात्री करू. तोच निघाला, तर पाय मांडीतून काढावा लागेल. नाही तर रोग छातीत उतरेल."

तोच निघाला.

"अर्धं पोरगं घरी नेऊन मी काय करू?" आई म्हणाली.

"काऊन वं माय?" मी म्हणालो. "अर्ध्याले भाकर कमी लागते. जित्ता तं येतो!"

ती रडता रडता हसली. "अशा येळीबी तोंड बंद राहत नाही तुहं!"

बंधू म्हणतात, निर्णय वडिलांचा होता आणि मला फसवून क्लोरोफॉर्म दिले. वडील तर व्हरांड्यात पाठ फिरवून उभे होते. 'काढा' हा शब्द माझा होता.

आईने तो पाय मागून घेतला आणि वडिलांनी शेताच्या धुऱ्याशी, बांधाच्या कडेला पुरला. बंधूंच्या मते तो दवाखान्यातच जाळला गेला. त्यांना काय ठाऊक? पेरणीच्या दिवसांत मी ओट्यावर बसलेला असतो. तिकडे तिफण धुऱ्याजवळ वळते आणि माझ्या नसलेल्या पायाच्या बोटांत काळी, गार माती शिरते. तिफणीचा फण लागू नये, म्हणून मी हळूच बोटे आखडून घेतो.