शेवटचं पान सगळ्यांचं सारखंच असतं

सोलापुरात मी सामाजिक संस्थांना सल्ला देते. म्हणजे नक्की काय करतेस, असं नातेवाईक अजून विचारतात. एका मामांना सांगितलं, संस्थांचे प्रस्ताव लिहिते, अहवाल लिहिते. ते म्हणाले, म्हणजे अर्जनवीस. मला राग आला, पण त्याहून नेमका शब्द मला आजतागायत सापडलेला नाही.

प्रत्येक प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर देणगीदारांचा एक प्रश्न असतो : आमची मदत थांबल्यावर काय? उत्तर ठरलेलं. तीन वर्षांनंतर गावची समिती हे काम स्वतः चालवेल. पाळणाघर असो, वाचनालय असो नाहीतर शेळ्या असोत, गावची समिती सगळं चालवते. हे पान मी एकदाच लिहिलं. नंतर फक्त गावाचं नाव बदलत गेले.

मोडनिंबच्या एक बाई पाळणाघर चालवायच्या. द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायकांची लेकरं त्यांच्याकडे असायची. पुण्याच्या एका ट्रस्टला द्यायचा त्यांचा प्रस्ताव इंग्रजीत होता, म्हणून मी त्यांना मराठीत वाचून दाखवत होते. दूध, खिचडी, झोळ्या, सगळं त्यांनी मान हलवत ऐकलं. शेवटचं पान आलं तेव्हा मला भूक लागली होती. म्हटलं, "हे सगळ्यांचं सारखंच असतं, बाई. सही करा." त्यांनी केली.

मंजुरी आली, पाळणाघर छान चाललं. तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा पुण्याच्या ट्रस्टचे अधिकारी भेटीला आले. अतिशय सज्जन माणूस. बूट बाहेर काढले, खिचडी खाल्ली, आणखी मागून घेतली. मग फाइल उघडून मुलांच्या आयांना विचारलं, "पुढच्या महिन्यापासून आमची मदत थांबेल. तुमची समिती तयार आहे ना?"

बायका बाईंकडे बघायला लागल्या. बाई माझ्याकडे. मी भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्याकडे. ढ ला ढग होता.

बाई शेवटी म्हणाल्या, "समिती न्हाय झाली, सायेब. माजी चूक."

साहेबांनी तसं लिहून घेतलं. मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही गप्प बसले, ह्याची जास्त वाटली. गाडी वळल्यावर बाईंना म्हटलं, "चूक माझी होती. मी साहेबांना पत्र लिहिते."

"पत्रानं लेकरं संबाळली जात्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "ती समिती कशी करत्यात, ते सांगा आता."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे शेवटचं पान खरं करून मागितलं. समिती तिथंच सतरंजीवर झाली. एकेका बाईनं आठवड्यातला एक दिवस कामाचा खाडा करून पाळणाघरात बसायचं, असं ठरलं. पण मुकादम खाडे चालवून घेत नाही, त्यामुळं तिघींनाच जमलं. तीन वार भरले. मदतीबरोबर मानधनही थांबणार, त्यामुळं बाईंना आता पोटासाठी स्वतःच बागेत जावं लागणार होतं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमी लिवलंय नव्हं? मग बुधवार तुमचा."

तेव्हापासून बुधवारी मी एसटीनं मोडनिंबला जाते. झोळी हलवता हलवता फोनवर सल्ला देते. मागं कुणी रडायला लागलं की पलीकडचे विचारतात, ऑफिसात मूल आहे का? मी सांगते, फील्डवर आहे.

सहा महिन्यांनी ट्रस्टचा फोन आला. समिती झाल्याचं मी त्यांना पत्रानं कळवलं होतं, आता त्यांना तिच्यावर यशोगाथा हवी होती. गावानं प्रकल्प स्वीकारला, बाकीच्या गावांना दाखवता येईल, असं ते म्हणाले. मी चार पानं लिहिली. बरी उतरली होती. बुधवारी बाई बागेतून आल्यावर कागद आणि पेन पुढं केलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "वाचून दावा. शेवटचं पान पयलं."

मी वाचलं. पाळणाघर आता गावाचं झालं आहे. स्थानिक महिला ते पूर्ण जबाबदारीनं आठवड्यातून चार दिवस चालवतात.

"आन उरल्याल्या दिवशी लेकरं कुटं असत्यात, त्ये लिवलंय?"

"नाही."

"मग लिवा की."

मी तिथंच बसून लिहिलं. उरलेल्या दिवशी मुलं बागेच्या बांधावर असतात. मोठी असेल ती धाकट्याला धरून बसते. त्यातली सगळ्यात मोठी सहा वर्षांची आहे.

बाईंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि सही केली. ट्रस्टनं यशोगाथा छापली. शेवटचं पान जागेअभावी घेतलं नाही, असं त्यांनी फार नम्रपणे कळवलं.

बाई अजून दर बुधवारी विचारतात, ते पान छापून आलं का. मी सांगते, अजून नाही.