खालच्या कोपऱ्याचं हत्यार

पुंजारामला चिकलठाण्याच्या त्या पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यात पुंजाराम कुणी म्हणत नसे. पक्कड म्हणत. "पक्कडला बोलवा रे!" अशी आरोळी आली की हा गडी खांद्यावरचा रुमाल झटकत उठायचा अन् उघड्या पॅनेलमध्ये गळ्यापर्यंत डोकं घालायचा.

पॅनेल म्हणजे साखर कारखान्यातल्या मोटारी चालू-बंद करणारं लोखंडी कपाट. त्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात जागा असते चार बोटं. वायरी आधीच मापात कापून आवळून बांधलेल्या. बाहेर ओढून सोलायची सोय नाय. पक्कड आडवी घातली की मूठ पत्र्यावर आपटते, चाकू घातला तर शेजारच्या वायरीलाच लागतो. तिथं पुंजाराम वायर पुढच्या दातांत धरायचा, अंदाजानं दाबायचा अन् मान मागं झटकायचा. प्लास्टिकचं टरफल थू करून बाहेर. आतलं तांबं लख्ख, एकाही तारेला ओरखडा नाय. तारेला ओरखडा पडला तर तो म्हणायचा, "तांब्याला नख लागलं." असली नख लागलेली तार पुढं थरथरून तुटते, तापते, अन् मग कपाट पेटतं. आपल्या हातून, म्हणजे दातातून, आजवर एकाही तारेला नख लागलं नाय, हा त्याचा मोठा अभिमान होता.

एकोणीस वर्षं हे चाललं. फर्दापूरकडनं आला तेव्हा दात मोत्यासारखे होते म्हणे. आता समोरच्या दोन दातांना अशी खाच पडली होती की त्यात सुतळी बसावी. गार पाणी पिलं की डोळ्यांतून पाणी यायचं. बायको आशाबाई भाकर कालवणात कुस्करून द्यायची अन् बोलायची, "मालकाला सांगा की एखादं हत्यार आणा म्हणून." हा म्हणायचा, "आपलेच दात अन् आपलेच ओठ, बोंब मारायची कुणाच्या नावानं?"

सांगितलं नव्हतं असं नाय हो. दोनदा सांगितलं होतं. मालक तात्यासाहेब हसून म्हणाले होते, "अरे, देवानं तुला फुकट दिलंय, अन् तू दुकानातलं मागतोस?"

हे सगळं तो सोसत होता ते एकाच गोष्टीसाठी. कायम व्हायचं होतं. कायम माणसाला सुट्टी होती, दवाखान्याचं कार्ड होतं, म्हातारपणी चार घास होते. टेंपरवारीला काय? आज ये म्हटलं की यायचं, उद्या नको म्हटलं की घरी बसायचं. दर दिवाळीला तात्यासाहेब पाठीवर हात ठेवत अन् म्हणत, "पुढच्या दिवाळीला बघू." बघू! आपल्या बोलीत याच्याइतका हरामखोर शब्द दुसरा नसेल. नाय म्हटलं तर माणूस दुसरीकडं वाट तरी शोधतो. या बघूनं पुंजारामची अख्खी जवानी खाल्ली.

मग चौऱ्याण्णव साली एका मोठ्या गिऱ्हाइकाचा तपासनीस माल बघायला आला. बघतो तर कपाटाच्या बाहेर दोन पाय अन् आत डोकं. त्यानं पुंजारामला बाहेर बोलावलं. हा बाहेर आला तो ओठावर वायरीचं टरफल चिकटवूनच. तपासनीस तात्यासाहेबांवर असा भडकला की शेडातली सगळी माणसं काम टाकून बघत राहिली. "माणसाच्या तोंडानं सोललेली वायर आम्ही घेणार नाही. हत्यार आणा, नाहीतर आमची ऑर्डर विसरा!"

त्याच दुपारी तात्यासाहेबांनी पुंजारामला केबिनमध्ये बोलावलं अन् एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खुर्चीवर बस म्हणाले. "त्या कोपऱ्यात काय चालतं अन् काय चालत नाय, हे तुझ्याइतकं कुणाला कळतंय? हत्यार तूच निवड. चांगलं हुडकून आण. या दिवाळीला तुला कायम करतो. शब्द देतो."

या वेळी बघू नव्हतं, शब्द होता. पुंजाराम त्या रात्री जेवताना आशाबाईला चारदा तेच सांगत बसला.

रविवारी तो शहागंजात मोहियोद्दीनच्या दुकानात गेला. मोहियोद्दीन त्याचा जुना दोस्त. दोघं एके काळी एकाच ठेकेदाराकडं वायरी ओढायचे, मग मोहियोद्दीननं हत्यारांचं दुकान टाकलं. पुंजारामनं बगलेतून एक पत्र्याचा डबा काढून काउंटरवर ठेवला. कोपऱ्याच्या मापाचा, चार बोटांचा, मुद्दाम कापून आणलेला.

"क्या मियाँ, डबा घेऊन दूध आणायला निघालास का?" मोहियोद्दीन म्हणाला.

"मोहियोद्दीनभाई, जे हत्यार या डब्यात घालून चालंल, तेच दाखव. बाकीचं नक्को."

दोन तास त्यानं हत्यारं चालवली, अन् तीही डोळे मिटून, कारण कपाटात डोळ्याला काही दिसत नाय. पिस्तुलासारखं एक होतं, दाबलं की आपोआप सोलणारं. लई भारी, पण त्याचं धूडच डब्यात जाईना. दुसऱ्याचं तोंड बाजूला होतं, वायर आडवी धरावी लागायची; त्याची मूठ पत्र्यावर आपटली. मग राहिली दोन.

एक स्वस्तातलं, बारीक, स्क्रू असलेलं. स्क्रू फिरवून किती दाबायचं ते आपणच ठरवायचं. पुंजारामच्या हातात ते लोण्यासारखं चाललं. दुसऱ्याची मान लांब अन् तोंड पुढं, पोपटाच्या चोचीसारखं. प्रत्येक जाडीच्या वायरीला आतच वेगळी खोबण, अन् किती लांब सोलायचं त्याला आतच अडसर. सरळ पुढून घालायचं अन् दाबायचं, बस्स. पुंजारामनं दहा वायरी सोलल्या, एकेकीच्या तारा नखानं विंचरून मोजल्या. एकही तुटली नव्हती. मग त्यानं दुकानातल्या नोकराच्या हातात ते दिलं. त्या बिचाऱ्यानं जन्मात वायर सोलली नव्हती. त्याच्याही दहाच्या दहा साफ निघाल्या. स्क्रूवालं दिलं, तर दहातल्या चार वायरींच्या तांब्याला नख.

"झालं तर," पुंजाराम म्हणाला, "हे चोचीवालं दे."

मोहियोद्दीननं ते उचललंच नाय. दुकानात इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "स्क्रूवालं ने. माझं ऐक. ते तुझ्या हाताशिवाय कुणाला जमणार नाय. चोचीवालं कुणीपण चालवंल. मग तुला कशाला ठेवतील?"

"अन् मी नसताना स्क्रूवालं दुसऱ्या कुणी चालवलं तर? तिकडं साखर कारखान्यात त्या कपाटापाशी माणूस उभा असतो, भाई."

"असंल. तुझ्यासाठी कोण उभा आहे?"

पुंजारामनं दोन्ही हत्यारं दोन हातांत तोलून बघितली. त्याला कळत नव्हतं असं समजू नका. तो भोळा होता, खुळा नव्हता. पण तात्यासाहेबांनी चांगलं हुडकून आण म्हटलं होतं, अन् चांगलं कोणतं ते त्याच्या हाताला ठाऊक झालं होतं. हाताशी खोटं बोलायला त्याला जमलं नाय. त्यानं चोचीवालं घेतलं.

तपासनीस पुढच्या खेपेला आला तेव्हा हत्यारावर एवढा खूश झाला की तसली आणखी चार आणायला लावली. कारखान्यात आयटीआय झालेल्या तीन पोरी भरती झाल्या, अन् त्यांना शिकवायला पुंजारामलाच ठेवलं. शिकवायला होतंच काय? त्यातल्या सगीराला तर तिसऱ्या दिवशी बघायचीही गरज राहिली नाय. "काका, बघा बरं," म्हणून तिनं कोपरा दाखवला. पुंजारामनं एकेक तार चाचपली. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. त्यानं तिला शाबास म्हटलं, अन् मनापासून म्हटलं.

दिवाळीच्या आधी आठ दिवस तात्यासाहेबांनी बोलावलं. या वेळी बस म्हणाले नायत.

"पुंजाराम, काम झकास केलंस. गिऱ्हाईक खूश आहे. पण आता त्या कोपऱ्याला खास माणूस लागत नाय, दिवाळीनंतर येऊ नकोस. अन् कायम माणसाकडं आयटीआयचा कागद पाहिजे असं गिऱ्हाईक म्हणतं, तुझ्याकडं कागद नाय. पोरींकडं आहे. मी तरी काय करू, सांग?"

गरज सरो अन् वैद्य मरो, ही म्हण काय उगाच पडली नाय. पुंजारामच्या कानात मोहियोद्दीनचे शब्द घुमायला लागले. त्याला ओरडायचं होतं, टेबल पालथं करायचं होतं, एकोणीस वर्षं मागायची होती. पण तोंडातून निघाला तो एक सवाल.

"तात्यासाहेब, मी जर वाईट हत्यार आणलं असतं, माझ्याबिगर कुणालाच न चालणारं, तर मला ठेवलं असतं का?"

तात्यासाहेबांनी चष्मा काढला. एकोणीस वर्षांत ते त्याच्याशी पहिल्यांदा खरं बोलले.

"ठेवावंच लागलं असतं रे."