उर्मिलाबेनचा टॉवेल

दीड महिन्यापूर्वी सकाळी उर्मिलाबेनच्या यजमानांचा कचेरीत फोन आला. "आज ती येणार नाही," एवढं बोलून ते थांबले. मी रजेच्या अर्जाचं विचारणार, तोच म्हणाले, "आता येणारच नाही हो..." उर्मिलाबेन झोपेतच गेली होती.

ब्राह्मणपुरीहून रोज एसटीनं येणारी ही अव्वल कारकून म्हणजे आमच्या तहसील कचेरीची चालती-बोलती फाईल. नवे साहेबसुद्धा टिपणी तिला दाखवून मगच सही करायचे. चार वर्षांपूर्वी तिला नायब तहसीलदार म्हणून बढती आली, नेमणूक घाटावरच्या धडगावला. निवडणुकीच्या कामाला ती तो घाट जीपनं चढून आली होती. तिला त्याची धास्ती नव्हती. बाजारातून पेढे आणले आणि साहेबांच्या खुर्चीवर असतो तसा पांढरा टॉवेलही. मी चिडवलं, "आतेपासूनच साहेबीन?" तर लाजली.

आठवड्यानं माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तिनं जाऊ नये म्हणून यजमानांनी जेवण सोडलेलं.

"नकार लिखी दे, बाई. तुन्हं अक्षर चांगलं शे."

आस्थापनेचं काम माझ्याकडे. बढती नाकारण्याचा नमुना ड्रॉवरमध्ये तयारच असे. आधीच्या बाईचं नाव काढायचं, नवीचं घालायचं. पुरुषासाठी तो क्वचितच निघाला. 'कौटुंबिक कारणास्तव स्वेच्छेने' असं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं. दोन दिवस थांब, असंही म्हटलं नाही. मला वाटलं, मैत्रीण जवळ राहील. याची आज लाज वाटते. पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. बढतीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं...

तिचं टेबल मीच आवरलं. खालच्या कप्प्यात टॉवेल होता, घडीवरची कागदी पट्टी तशीच.

गेल्या सोमवारी बढतीची यादी आली. माझं नाव आहे, नेमणूक धडगाव. नमुना मी फाडला, पण तो मला तोंडपाठ आहे. घरी अजून काही बोललेले नाही. काल टॉवेल धुऊन दोरीवर घातला, तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "हाऊ कोना शे?"

"उर्मिलाबेनचा," मी म्हटलं.

माझा, असं म्हणायचं होतं.