उतरवलेलं इंजिन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे. त्याच्या मालकाला सगळे वैद्य म्हणतात. गाडी आली की आधी बॉनेट उघडायचं, पंजा पसरून इंजिनवर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि श्वास घेत राहायचं, ही त्यांची तपासणी. तीन श्वास हात टिकला तर इंजिन ठणठणीत. दोनच टिकला तर गाडीत माल जास्त भरला होता. एका श्वासात हात मागे आला तर मालकाची खरडपट्टी. तापमान दाखवणारा काटा त्यांच्या लेखी शोभेचा. "काटा मिंधा असतो, बाई," ते मला म्हणतात, "चटका कुणाची भीड धरत नाही."

मी नाटकातली. राणी झाले, भिकारीण झाले, एकदा नट आजारी पडला म्हणून ऐन वेळी भूमिका बदलल्या आणि दोन अंक स्वतःच्या नवऱ्याची आई झाले. आता तालमी नाहीत, घंटा नाही, पडदा नाही. दुपारचा वेळ खायला उठतो. म्हणून मी गॅरेजात जाऊन बसते. तिथे बसमधून काढलेली एक सीट आहे, ती माझी. दुसरं कुणी बसलं तर वैद्य नुसता पाना आपटतात, बसणारा उठतो.

वैद्यांची निळी पिकअप पूर्वी आमच्या कंपनीचं सामान वाहायची. राजवाडे, झाडं, चंद्र, सगळं तिच्यात कोंबलेलं. डोंगराचा चढ लागला की तिला धाप लागायची. मग नायक, खलनायक, हिशेबनीस, सगळे उतरून मागून ढकलायचे. खलनायक नुसताच हात लावायचा. वैद्यांची बायको लेक रांगायच्या आधीच गेली. त्या लेकीला त्यांनी पिकअपच्या सीटवर वाढवलं. दुधाची बाटली फडक्यात गुंडाळून इंजिनवर ठेवत आणि कोमट झाली की पाजत. लेकीचं नाव त्यांनी ठेवलं ठिणगी. मोठी झाल्यावर तिने ते सार्थ केलं. बापाची पिकअप घेऊन भाडी मारायला लागली.

एके दिवशी ती आली ती तणतणतच.

"बाबा, आज चढावर एक सायकलवाला घंटी वाजवून मला मागे टाकून गेला. वर हात हलवला मेल्याने!"

"पाय चांगले असतील त्याचे."

"मावशी, ऐकताय ना? यांना सांगा. मला मोठं इंजिन पाहिजे."

मी सांगितलं. नटीने सांगितलेलं माणसं ऐकतात, निदान समोर असेपर्यंत तरी. भंगारवाल्याकडे एका मिनीबसचं इंजिन होतं. बस मागून चेपली होती, इंजिनला ओरखडा नव्हता. वैद्यांनी ते उचललं.

इंजिन बदलणं म्हणजे एक काढलं, दुसरं ठेवलं, असं मला वाटत होतं. तसं नसतं. मोठं इंजिन मावेना म्हणून मागचा पत्रा ठोकून आत घालावा लागला. ज्यांच्यावर इंजिन बसतं ते लोखंडी कान कापून नवे जोडले. मोठा रेडिएटर आला. वजनाने नाक खाली जाऊ नये म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. जुनं इंजिन साखळीच्या कप्पीने वर निघालं, गोल फिरलं आणि मागच्या कोपऱ्यात दोन टायरांवर विसावलं. त्याचं ऑइल काढून घेतलं, नळ्या तोडल्या आणि धूळ जाऊ नये म्हणून भोकाभोकांत चिंध्यांचे बोळे कोंबले. त्या कोपऱ्याकडे बघणं मी टाळायला लागले. माणसाच्या नाकाकानात बोळे घातलेले मी पुष्कळ वेळा पाहिलेत.

नवं इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारचे टायरवाले, शिंपी, सगळे जमले. ठिणगीने किल्ली फिरवली, इंजिनने एकदा खाकरून गळा मोकळा केला आणि लागलं. टाळ्या पडल्या. कुठल्याही टाळीला मान लववायची मला सवय, मीही लववली.

वैद्य पाना खुंटीला लावायला मागे गेले होते. बराच वेळ आले नाहीत. मग हाक आली.

"बाई, जरा इकडे या."

ते जुन्या इंजिनपाशी उभे होते. हात त्यावर टेकलेला, डोळे उघडे.

"हात लावा."

"डागताय की काय मला?"

"लावा तर."

मी लावला. अंगात कणकण असलेल्या मुलाच्या कपाळासारखं ते लागलं. मी म्हटलं, ऊन आलं असेल. पण त्या कोपऱ्यात ऊन कधीच येत नाही. प्रयोग संपल्यावर नटाचा अंगरखा खुंटीला टांगला की थोडा वेळ त्यात अंगाची ऊब राहते, ती मला ठाऊक आहे. पण हे उतरवून आठवडा उलटला होता.

बाहेर ठिणगीने जोर दिला. माझ्या तळव्याखाली ऊब वाढली. तिने किल्ली बंद केली. गाडी बंद झाल्यावर तापलेलं लोखंड निवताना बारीक टिक टिक करतं, तसा आवाज अंगणातून आला. तसाच आवाज, त्याच लयीत, या कोपऱ्यातूनही आला. पोटात थेंबभर तेल नसलेल्या, तोंडात बोळे असलेल्या त्या लोखंडातून.

"पोरीला सांगू नका," वैद्य म्हणाले. "घाबरेल ती."

त्यांचा स्वतःचा हात मात्र इंजिनवरून निघेना.

पुढचे दिवस मी त्यांचा नाद वाढताना पाहिला. ठिणगी भाड्याला गेली की त्यांचं स्टूल कोपऱ्यात. हात इंजिनवर. "निघाली." "सिग्नलला उभी आहे, इंजिन चालूच ठेवलंय. डिझेल काय फुकट येतं?" संध्याकाळी ती सांगे ते सगळं जुळे. मला हसू येई, आणि हसताना मानेवर काटा येई. एकदा मी विचारलं, "वैद्य, हे आहे तरी काय?" ते म्हणाले, "मला निदान करता येतं, बाई. कारण सांगता येत नाही."

राहिले होते ते ब्रेक. इंजिन मोठं झालं म्हणजे गाडी जास्त ओढणार, आणि ओढलेलं थांबवायला तेवढे मोठे ब्रेक हवेत. ते मागवले होते, आले नव्हते. तेवढ्यात ठिणगीला डोंगरापलीकडे फरशा पोचवायचं काम मिळालं. पहिलंच मोठं काम. वैद्य नाहीच म्हणत होते. शेवटी एका अटीवर मानले.

"अर्ध्याच फरशा भरायच्या. ब्रेक जुन्या वजनाचे आहेत."

"अर्ध्याच. शपथ घेऊ का?"

"शपथ नको. अर्ध्या भर."

त्या सकाळी ती गेली आणि आम्ही दोघं कोपऱ्यात बसलो. मी थर्मासमध्ये चहा नेला होता. वैद्यांचा हात इंजिनवर, पापण्या मिटलेल्या. सपाट रस्त्याला तीन श्वास हात आरामात टिकला. मग म्हणाले, "चढ लागला." त्यांचे ओठ श्वास मोजत होते. दोन. त्यांनी डोळे उघडले. पुन्हा हात ठेवला. एक, आणि हात झटक्यात मागे आला. तळवा लाल झाला होता.

"पूर्ण भरलंय तिने," ते म्हणाले.

"कशावरून?"

"अर्धा माल असता तर हे इंजिन खेळत चढलं असतं. हा पूर्ण मालाचा ताप आहे." ते उठून उभे राहिले. "चढाची मला काळजी नाही, बाई. ती चढेल. वर पोचेल. आणि मग पलीकडे उतार आहे."

ठिणगीला फोन लावला. डोंगरात फोन लागत नाही, तसा तो लागला नाही. मग चढ संपतो तिथल्या पंक्चरवाल्याला लावला. तो वैद्यांचा जुना माणूस. त्याच्या टपरीत रेंज असते.

"अरे, माझी निळी पिकअप येईल. तिला उतारावर जाऊ द्यायचं नाही."

"का हो, काय झालं?"

"विचारू नकोस. आडवा हो रस्त्यात."

"मी आडवा होऊ? वैद्यबुवा, ब्रेक लागतात ना तिचे?"

"चढावर लागतील," वैद्य म्हणाले आणि फोन ठेवला.

आता हात ठेवणं शक्य नव्हतं. चिंध्यांचे बोळे कडेने तपकिरी होत चालले होते, वास येत होता. आम्ही नुसते उभे होतो. आणि मग टिक, असा आवाज झाला. टिक. टिक. लोखंड निवत होतं. ठिणगी थांबली होती.

मी म्हटलं, "थांबवलं वाटतं त्याने."

वैद्यांनी फोन हातातच धरून ठेवला होता. मग माझ्याही लक्षात आलं. वर टपरीपाशी थांबलेली गाडी निवते. उताराच्या वळणावरून खाली गेलेली गाडीही निवते. ती थांबली एवढंच इंजिन सांगत होतं. कशी थांबली, ते सांगत नव्हतं. रंगमंचावर मी कितीतरी वेळा कुणाची तरी बातमी यायची वाट पाहत उभी राहिले आहे. पदर कसा धरायचा, मान कुठे वळवायची, सगळं मला येतं. त्या दिवशी मला माझे हात कुठे ठेवायचे ते कळेना.

फोन वाजला.

"बाबा, तुमच्या या पंक्चरवाल्याने रस्त्यात टायर रचून ठेवलेत! वेडा झालाय का हा?"

वैद्य खाली बसले. जमिनीवरच. "किती भरलंस?"

"तो व्यापारी म्हणाला, गाडी ओढतेय तर..."

"अर्ध्या तिथे उतरव. दोन खेपा कर."

"पण तुम्हाला कुणी सांगितलं?"

वैद्यांनी फोन बंद केला.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिचा तोरा उतरला होता. "अर्ध्या मालावर उतरले, तरी खाली पोचेपर्यंत ब्रेक जळल्याचा वास सुटला," ती म्हणाली. मग बापासमोर उभी राहिली. "कुणी सांगितलं?"

वैद्यांना खोटं बोलता येत नाही, त्यामुळे आमच्या कंपनीत त्यांना कधी साधं हुजऱ्याचं कामही मिळालं नाही. त्यांनी तिचा हात धरून कोपऱ्यात नेला आणि मला म्हणाले, "बाई, गाडी सुरू करा." मी आयुष्यात पहिल्यांदा गाडीची किल्ली फिरवली. थोड्या वेळाने बंद केली आणि आत गेले.

आमच्या नाटकात अशा जागी मुलगी बापाच्या गळ्यात पडते. ठिणगी दोन पावलं मागे सरकली होती.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे मी कुठे थांबते, किती वेळ थांबते..."

"तळ्याकाठी बराच वेळ थांबतेस हल्ली."

"बाबा!" ती कानापर्यंत लाल झाली आणि लगेच पांढरी पडली. "तुमच्यामुळे आज वाचले, कबूल. पण मला असं जगता येणार नाही. गाडीत एकटी असते तेव्हा मला एकटी असू द्या. हे काढून टाका इथून. उद्याच."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला घण घेऊन आला. मोठं लोखंड तो जागेवरच फोडून नेतो. ठिणगी रिकामी पिकअप घेऊन नवे ब्रेक आणायला गेली होती. भंगारवाल्याने इंजिन कलतं करायला त्याला हात घातला आणि काढून घेतला.

"वैद्य, हे गरम का आहे?"

तो खांदे उडवून मागे झाला, पाय रोवले आणि घण डोक्यावर नेला.

"थांब!" वैद्य ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले, "तिकडचा ताप इकडे येतो. मग इकडचा घाव तिकडे जात नसेल कशावरून?"

भंगारवाल्याने घण खाली ठेवला, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाला, "मला नको तुमचं इंजिन. फुकट दिलं तरी नको."

ठिणगी परतली तेव्हा वैद्यांनी तिला तेच सांगितलं. ती माझ्या सीटवर बसली आणि तिला कुणी उठवलं नाही. फोडायचं नाही, विकायचं नाही, आणि बापाच्या हाताखालीही ठेवायचं नाही. शेवटी तीच म्हणाली, "पुरून टाका." कोपऱ्यातली जमीन खणली, इंजिन आत उतरवलं, वर सिमेंट टाकलं. ओल्या सिमेंटवर थापी फिरवत वैद्यांनी शब्द दिला, "पुन्हा हात लावणार नाही." मग त्यांनी नवे ब्रेक बसवले. ठिणगीने स्वतः दाबून पाहिले, पुन्हा पुन्हा.

आता ती डोंगरापलीकडे नेमाने जाते. वैद्य शब्दाला जागतात. त्या कोपऱ्यात चपला घातल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. पण गल्लीतली एक मांजर आहे, तिने कुणाला शब्द दिलेला नाही. पिकअप बाहेर गेली की ती येते आणि त्या सिमेंटवर अंग पसरून झोपते.

आज सकाळी ठिणगी गेल्यावर मांजर अशीच झोपली होती. मी पेपर वाचत होते, वैद्य एका स्कूटरशी झटत होते. एकाएकी मांजर चटका बसल्यासारखी उडाली. हातभर अंतरावर उभी राहून जमिनीकडे बघत राहिली, शेपटी फुललेली.

वैद्यांच्या हातातला पाना थांबला. ते उठले, कोपऱ्याशी गेले, वाकले. त्यांचा पंजा जमिनीपासून वीतभर अंतरावर येऊन थांबला. मी म्हणणार होते, लावा हो, मी कुणाला सांगणार नाही. पण त्याआधीच त्यांनी हात परत ओढून घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

आम्ही मांजरीकडे बघत बसलो. ती जागची हलेना. मग तिने एक पाऊल पुढे टाकलं, सिमेंट हुंगलं, पंजा टेकवून पाहिला, आणि सावकाश पुन्हा अंग पसरून तिथे आडवी झाली.

"चढ संपला," वैद्य म्हणाले.

आता उतार होता. आम्ही दोघांनीही मांजरीवरून नजर काढली नाही.