धाकट्याचा होकार

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात तिला सगळे भोंगा म्हणतात. चादरी धुणारी ती अवजड यंत्रं दिवसभर घरघरतात, त्यांच्यावर आवाज चढवल्याशिवाय शेजारणीलाही काही ऐकू जात नाही. पण सुटी होऊन रस्त्यावर आली तरी बाईचा आवाज काही खाली उतरत नाही. घरात दोघंच, ती आणि धाकटा भाऊ.

धाकटा फरशी बसवतो. बसवायचा म्हणा. हात इतका साफ, की त्याच्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. मग दारू आली आणि हात थरथरायला लागले. कामावर का आला नाही, ते मालकांना ताईच सांगायची. ताप आहे, कंबर धरलीय, कुणीतरी वारलंय. ह्या भावापायी तिने किती नातेवाईक मारले, तिचं तिलाच ठाऊक!

त्या दिवशी एका न्हाणीघरात त्याने उतारच उलटा दिला. पाणी जाळीकडे जायचं सोडून थेट बैठकीच्या खोलीत शिरलं. मालकाने हाकलून दिलं. दुपारी धाकटा तिच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "ताई, कुठे न्यायचंय तिथे ने मला."

ती ताडकन उठली. ह्याचे होकार तिला चांगले माहीत होते. सकाळी दिलेला होकार दुपारपर्यंत नासायचा. आणि डॉक्टरांनी मागच्याच वेळी स्पष्ट सांगितलं होतं, आता पुन्हा प्यायला तर लिव्हर टिकणार नाही. वॉर्डातल्या सिस्टरने तिला एवढंच सांगून ठेवलं होतं, की बसस्टँडमागच्या गल्लीत दारू सोडलेली माणसं रोज संध्याकाळी एकत्र बसतात. कुठल्या इमारतीत, ते सिस्टरलाही ठाऊक नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी एक चावीवाला पेटी मांडून बसला होता. ताईने तिथूनच आवाज टाकला, "अहो, ती बेवड्यांची मीटिंग कुठे भरते इथे? ह्याला बसवायचंय!"

रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. धाकट्याने मान खाली घातली. चावीवाल्याने किल्ली घासता घासता सांगितलं, "असलं काही नाही बाई इथे."

"नाही कसं? सिस्टर काय खोटं बोलेल?"

"मग सिस्टरलाच विचारा."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. औषधाच्या दुकानात विचारलं, झेरॉक्सवाल्याला विचारलं, जिन्यात उभ्या असलेल्या बायकांना विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी साग्रसंगीत. हा माझा भाऊ, हा असा पितो, असा पडतो, ह्याच्या लिव्हरचं असं झालंय. कुणाला काहीच माहीत नव्हतं. पाटी तरी कुठे आहे का मेल्यांची! दारूच्या दुकानाला चांगली हातभर लांब पाटी, रात्री दिवे लागतात तिच्यावर, आणि सोडवणाऱ्यांना एक पुठ्ठा टांगता येत नाही?

वळून बघते तर धाकटा मागे नाही.

गेला! ती पळत गल्लीच्या तोंडाशी आली, तर हा चावीवाल्याच्या पेटीशी उकिडवा बसलेला. खालच्या आवाजात बोलत होता.

"मला दारू सुटत नाहीये हो. मी खूप करून बघितलं. कुठे बसतात, सांगाल का?"

चावीवाल्याने हातातली कानस खाली ठेवली, पेटी बंद केली. "चला. मीही तिकडेच निघालोय."

"अरे वा रे वा!" ताई कडाडली. "मघाशी मी घसा फोडून विचारलं तेव्हा कानावर हात ठेवलेत! मला वेडी समजलात का?"

"बाई, तुम्ही चारचौघांत ह्यांचे वाभाडे काढत होतात. तिथे येणाऱ्यांचा पत्ता आम्ही असा भर रस्त्यात सांगत नाही. ज्याला यायचंय त्याने स्वतः विचारलं, की सांगतो. आणि आत फक्त हे येतील."

"मी नाही? ह्याची ओकारी मी पुसलीय! मालकांच्या शिव्या मी खाल्ल्यात! ह्याला काय बोलता येतंय तिथे? ह्याच्या वतीने मीच—"

"ताई!" धाकटा ओरडला. जन्मात पहिल्यांदा ओरडला तिच्यावर. "गप्प बस ना एकदा. मला बोलू दे माझं."

दोघं समोरच्या जिन्याने वर गेले. ती खालीच उभी राहिली, दातओठ खात. मी दारुडा आहे, हे एक वाक्य ह्याच्या तोंडून ऐकायला तिने काय काय केलं होतं. रडली होती, उपाशी राहिली होती, झाडूने मारलंसुद्धा होतं. आणि मेल्याने सांगितलं कुणाला? रस्त्यावरच्या एका चावीवाल्याला. मला का नाही सांगितलंस रे?

वरची खिडकी उघडी होती. कुणीतरी विचारलं, "काय काम करता आपण?"

तो काहीच बोलेना. तिला राहवेना. फरशी बसवतो, म्हणून खालून ओरडायला तिने तोंड उघडलंसुद्धा. मग पदराचा बोळा करून तोंडात कोंबला आणि रागाने थरथरत वर बघत राहिली.

"फरशीचं," वरून धाकट्याचा आवाज आला.