आईंचं जर्मन

हे मी माझ्या नवऱ्याला, समीरला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, आणि जिच्याजवळ एरवी सगळं ओकते त्या मैत्रिणीलाही नाही. एकदा अगदी ओठांवर आलं होतं — हायडेलबर्गच्या बसमध्ये, शेजारी बसलेल्या एका अनोळखी मराठी बाईसमोर. पण तिचा स्टॉप आला आणि ती उतरून गेली. तुम्हीही मला ओळखत नाही. ते बरं आहे.

गोष्ट वीज कंपनीच्या फोनची आहे. हसू येईल तुम्हाला. आम्हीही आधी हसलोच होतो.

जर्मनीत वाल्डॉर्फला राहायला आलो तेव्हा इंटरनेटबरोबर एक लँडलाइन फुकट मिळाली होती. त्या फोनवर सुरुवातीला आमच्या माणसांपैकी कोणीच फोन करत नव्हतं. यायचे ते विकणाऱ्यांचे. विमा, लॉटरी, आणि सगळ्यांत चिवट म्हणजे वीज. इथे वीज कोणाकडून घ्यायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. कंपन्या ढिगानं, आणि प्रत्येक कंपनीला तुमचा भारी कळवळा. नको म्हटलं तर का नको ते विचारणार. फोन ठेवला तर पुन्हा करणार. समीरने नियमच घालून दिला होता — हो म्हणायचं नाही, नाव सांगायचं नाही, आणि मीटरचा नंबर तर काही झालं तरी द्यायचा नाही. नंबर मिळाला की ते परस्पर तुमच्या नावावर करार करून मोकळे होतात. सहीसुद्धा लागत नाही.

नियम घरातल्या सगळ्यांसाठी होता, पण घालताना समीर बघत होता माझ्याकडे. कारण इथे आल्या आल्या मानहाइमच्या बाजारात एका गोड बोलणाऱ्या मुलापुढे मी मोबाइलच्या करारावर सही करून बसले होते. समीरने ते निस्तरलं. पण निस्तरल्यावर तो किस्सा त्यानं सगळ्यांना सांगितला, आणि सांगतच राहिला. कोणीही जेवायला आलं की श्रीखंडाबरोबर तो वाढला जायचा. "आमच्या हिला कोणीही काहीही विकू शकतं." पाहुणे हसायचे, मीही हसायचे. पुण्याला मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते — पण हे मी कशाला सांगतेय? तुम्हाला माझी दया यावी म्हणून? असेलही. सोडून द्या.

त्या वर्षी उन्हाळ्यात आई आल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहत, आणि सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या. टँकरवाल्यापासून महापालिकेच्या इंजिनिअरपर्यंत सगळे त्यांना वचकून असत. कुठल्या फ्लॅटचा नळ कधी गळत होता आणि दुरुस्तीला कोण आलं होतं, हे त्या न अडखळता सांगायच्या. अशा बाईला वाल्डॉर्फच्या शांततेत काय करमणार? आठवडाभरात त्यांनी खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ श्टाइनरशी मैत्री केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दोघी तासन्‌तास बोलत. फ्राऊ श्टाइनरनं त्यांना आकडे शिकवले. मटार सोलताना आई मोठ्यानं म्हणायच्या — आइन्स, झ्वाय, ड्राय.

आणि त्या फोन घ्यायला लागल्या. समोरचा बोलत सुटायचा आणि आई मधूनमधून म्हणायच्या, "या, या... गेनाऊ... आल्झो..." — हो, हो, अगदी, म्हणजे असं. समोरचा दमायचा. मग त्या शांतपणे फोन ठेवायच्या आणि विचारायच्या, "कसं वाटलं माझं जर्मन?" समीरचे मित्र मुद्दाम लँडलाइनवर फोन करू लागले. माझा मोबाइलचा किस्सा मागे पडला. खरं सांगू? मला हायसं वाटलं होतं. मला त्या मनापासून आवडत होत्या. हेही खरं आहे, आणि त्यानं काही फरक पडत नाही.

त्या सकाळी आई खाली फ्राऊ श्टाइनरकडे गेल्या होत्या. फोन वाजला. माणूस हळू, स्वच्छ बोलत होता. त्यानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं पुन्हा विचारलं, अक्षरं लावून घेतली, आणि मग म्हणाला — क्षीरसागर. नीट म्हणाला. इथे आल्यापासून कोणी ते नीट म्हटलं नव्हतं. दवाखान्यात तर मला नुसतं फ्राऊ के, म्हणजे के बाई, म्हणत. माझं जर्मन छान आहे म्हणाला. मी आधी काय करत होते, म्हणून विचारलं. मी शिकवण्याबद्दल सांगितलं, तर म्हणाला, संख्याशास्त्रात तो नापास झाला होता. आम्ही दोघंही हसलो. मग तो म्हणाला की तो आमच्याच वीज कंपनीकडून बोलतोय, दर कमी होणार आहे, फक्त मीटरचा नंबर जुळवून बघायचाय.

मी फसले, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण मला कळत होतं. तो कोण आहे आणि त्याला काय हवंय, ते मला त्या क्षणी लख्ख कळत होतं. पण नाही म्हटलं असतं तर बोलणं तिथेच संपलं असतं — आणि मी त्याच्या लेखी पुन्हा कुठलीतरी आखडू परकी बाई झाले असते. फोनच्या वर समीरनेच एक कागद चिकटवलेला होता. वाय-फायचा पासवर्ड, इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरचा फोन, मीटरचा नंबर. मी तो नंबर वाचून दाखवला. जर्मनमध्ये, एकदाही न अडखळता. मग त्यानं विचारलेल्या प्रश्नांना हो म्हटलं. तो "परफेक्ट" म्हणाला, आणि मी खूश झाले. त्या दिवशी मी गुणगुणत पोळ्या केल्या.

पत्र आलं ते समीरने जेवणाच्या टेबलावर उघडलं. नवीन कंपनीत आमचं स्वागत होतं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं — मला वाटतं पाहिलं. आता पुन्हा श्रीखंड, पुन्हा हशा. पण तेवढ्यात तो हसला आणि आईंकडे वळला. "आई, तू कोणाला मीटरचा नंबर वाचून दाखवलास का?"

आई म्हणाल्या, नाही रे. मग म्हणाल्या, फोन घेते मी खरं, या या म्हणते, पण नंबर नाही. समीरने कागदाकडे बोट दाखवलं आणि आता तुला आकडेही येतात की, म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं. मी आमटी वाढत होते. एवढंसं वाक्य होतं — मी दिला नंबर. मी विचारलं, भात कोणाला हवाय?

करार रद्द करायला काहीच लागलं नाही. रद्द करायची मुदत संपलेली नव्हती. समीरने दुसऱ्या दिवशी एक पत्र टाकलं, त्यांचं उत्तर आलं, विषय संपला. इथेच सगळं थांबलं असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

आईंच्या डोक्यातून मात्र ते जाईना. कुठल्या दिवशी? सकाळी की दुपारी? बाई होती की माणूस? त्या फोनसमोर खुर्ची घेऊन बसायच्या आणि आठवायच्या. आठवत नाही, हेच त्यांना पटत नव्हतं. शेवटी एका दुपारी त्या मला ठामपणे म्हणाल्या की त्यांनी नंबर वाचलेला नाही, वाचला असता तर त्यांना आठवलं असतं. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. संशयानं? कोण जाणे. नुसतंच पाहिलं असेल. पण मी उठून ओट्याकडे गेले.

पुढच्याच आठवड्यात फोन वाजला. तोच माणूस होता. आई समोर बसल्या होत्या. करार का मोडला, म्हणून विचारत होता. मी म्हटलं, आम्हाला नको आहे. त्याचा आवाज बदलला. तुम्हीच तर मला नंबर वाचून दाखवलात, फ्राऊ क्षीरसागर, म्हणाला — आडनाव अजूनही नीट म्हणत होता — तुम्हीच हो म्हणालात, आपण किती छान बोललो होतो. मी फोन ठेवला.

"तोच होता का गं?" आईंनी विचारलं. "काय म्हणत होता?"

आईंचं जर्मन किती होतं ते तुम्हाला सांगितलंच आहे. मी जे सांगेन तेच त्यांच्यासाठी तो माणूस बोलला असणार होता. हे मला माहीत होतं. हो, तेव्हाच, फोनवरचा हात काढायच्या आधी.

मी म्हणाले, "तोच होता, आई. म्हणाला, घरातल्या वयस्कर बाईंनीच नंबर सांगितला. रेकॉर्डिंग आहे त्यांच्याकडे."

सांगायचं होतं ते हे. टेबलावर मी गप्प बसले तो भित्रेपणा होता. तसं कोणीही करतं, असं म्हणून मी कदाचित झोपले असते. पण हे मला कोणी करायला लावलं नव्हतं. रेकॉर्डिंगबद्दल तर तो एक अक्षर बोलला नव्हता. ते मी माझ्या मनचं घातलं, म्हणजे पुन्हा प्रश्न नकोत.

आई म्हणाल्या, "असं म्हणाला? मग मीच असेन."

त्यानंतर त्यांनी फोनला हात लावला नाही. दाराची बेल वाजली तरी मला हाक मारायच्या. मटार सोलताना मुकाट सोलायच्या. फ्राऊ श्टाइनर एकदा वर येऊन त्यांची चौकशी करून गेली. मी म्हटलं, त्यांना बरं नाहीये.

समीरने हे सगळं स्काइपवर दादांना सांगितलं. दादा म्हणजे त्याचे थोरले भाऊ, नाशिकला असतात. समीर गंमत म्हणूनच सांगत होता, पण दादा गंभीर झाले. नंबर वाचला आणि तेही आठवत नाही? तिला? आई पुण्याला परतल्या आणि मग कधी गॅस चालू राहिला, कधी किल्ली आत राहून दार ओढलं गेलं. कोणाच्या घरी होत नाही? माझ्या घरी होतं. पण आता प्रत्येक गोष्ट जर्मनीतल्या त्या प्रकाराला जोडली जाऊ लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाच्या मानानं स्मरणशक्ती उत्तम आहे. दादा म्हणाले, डॉक्टर असंच म्हणतात. सेक्रेटरीपद आईंनी आपणहून सोडलं. माझं आता काही खरं नाही, दुसरं कोणीतरी बघा, असं त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं म्हणे. पूर्वी कोणी त्यांना रिटायर व्हा म्हटलं असतं तर त्याची खैर नव्हती.

त्यांना पुण्याहून हलवायचं की नाही, हे ठरत होतं तेव्हा समीरने मला विचारलं. तू दिवसभर तिच्याबरोबर होतीस, तुला काय वाटतं? माझ्या मताला किंमत होती त्या दिवशी. त्यानं लॅपटॉप बंद केला होता, खुर्ची माझ्याकडे वळवली होती. मी म्हणाले, एकटीनं राहणं धोक्याचंच आहे.

सहकारनगरचा फ्लॅट भाड्यानं दिला. आई नाशिकला गेल्या. दादा-वहिनींनी त्यांचं सगळं नीट केलं, त्यांना मी बोल लावणार नाही. पण किल्ली त्यांच्याकडे, औषधांचा डबा त्यांच्याकडे, बँकेचं कार्ड त्यांच्याकडे. भाजी आणायलाही आईंना एकटं सोडत नसत. दुपारभर त्या गॅलरीत बसायच्या. बोलणं कमी झालं, मग जेवण कमी झालं. पुढे त्या वारल्या तेव्हा दिवसांना आलेल्यांना समीर सांगत होता की सुरुवात आमच्याकडेच झाली होती, जर्मनीत, आम्हाला वेळीच कळलं ते बरं झालं. मी शेजारी उभी होते. मी मान हलवली.

त्याआधी मी त्यांना एकदा शेवटचं भेटले होते. समीर आणि दादा बाहेर गेले होते, वहिनी देवळात. घरात आम्ही दोघीच. आई पलंगावर पडून होत्या, मी त्यांचे पाय चेपत होते. मला वाटलं झोप लागली, पण त्यांनी डोळे उघडले.

"अगं, तो फोन," त्या म्हणाल्या. "मी त्याला काय सांगितलं असेल? रोज आठवून बघते. त्याचा आवाजसुद्धा आठवत नाही मला."

जे घडलंच नव्हतं ते आठवायचा प्रयत्न करत ती बाई इतकी वर्षं पडून होती. आणि त्या दुपारी कोणाची भीती होती मला? समीर नव्हता, पाहुणे नव्हते, हसायला कोणी नव्हतं. त्या मला रागावल्याही नसत्या. बहुतेक उठून बसल्या असत्या.

मी म्हणाले, "जाऊ द्या ना आई. वयानं होतं असं."

त्या "हो" म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. मी पाय चेपत राहिले.