फोमची खोली

जेवता जेवता ते थांबले आणि म्हणाले, "अगं, गॅस बंद कर. कुकर शिट्टी देतोय."

कुकर मी केव्हाच उतरवून ठेवला होता. भातसुद्धा वाढून झाला होता.

माझे यजमान वायुसेनेत इंजिन फिटर होते. उमेदीची सगळी वर्षं सुरू असलेल्या इंजिनांशेजारी गेली. कानांवर चढवायला आवाज अडवणारे मफ मिळत, पण सोबत्याची हाक ऐकू यावी म्हणून हे एका कानावरचा मफ सरकवून ठेवायचे. नोकरी संपली तेव्हा मुलगी लखनौच्या शाळेत रुळलेली होती. साताऱ्याला परत न जाता आम्ही तिथल्याच अलीगंजमध्ये छोटंसं घर घेतलं. आता निवांत राहायचं, असं ठरलं होतं.

ती शिट्टी काही थांबली नाही. आधी त्यांनी फ्रिजवर संशय घेतला, तो बंद करून पाहिला. मग गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, मग पलीकडच्या भिंतीला लागून असलेली पिठाची चक्की. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "नस खराब हो गई है. आदत डालिए." बाहेर येऊन हे रिक्षात बसले. मग म्हणाले, "त्याला काय कळतंय? आपल्या घरातच गोंगाट आहे."

नोकरीत असताना त्यांनी कुठल्याशा खोलीच्या भिंतींना फोम लावलेला पाहिला होता. आत पाऊल टाकलं की कान बसल्यासारखे वाटायचे म्हणे. आपली आतली खोली तशी करायची, असं त्यांनी मनात घेतलं. आलमबागच्या एका गादीवाल्याकडून सोफ्यात घालायच्या फोमच्या जाड शीट आणल्या. गादीवाल्याने विचारलं, "भाईसाहब, दीवार पे सोफा बनाइएगा क्या?" हे हसले. त्या महिन्यांत त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

भिंतींना चुना होता. सोल्यूशन लावून शीट चिकटवली की चुन्याचा पापुद्राच घेऊन ती खाली यायची. मग सगळ्या भिंती खरवडल्या. अंगावर, केसांत, भांड्यांत चुना. हे शिडीवर, मी खालून शीट दाबून धरायची, मुलगी कात्रीने कडा कापायची. सोल्यूशनच्या वासाने डोकं भणभणायचं. दुपारच्या उकाड्यात ते पातळ व्हायचं आणि कोपरे पुन्हा सुटायचे. शेवटी त्यांनी लाकडी पट्ट्या आणून फोमवरून ठोकल्या, खिडकी फळ्यांनी बंद केली, दाराच्या आतल्या अंगालाही फोम लावला. कामात असताना त्यांना बरं वाटायचं. हातोडी चालू असली की कानाची आठवण निघायची नाही. मला वाटायचं, हे काम असंच लांबत राहावं.

खोली झाली. मुलीने आत जाऊन हाक मारून पाहिली आणि म्हणाली, "मम्मी, मेरी आवाज़ तो जैसे गिर जाती है." चक्की अजून ऐकू येत होती, पण फार लांबून, दुसऱ्या मोहल्ल्यातून आल्यासारखी.

त्याच दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, चक्की थांबली, शेजारचा टीव्ही गप्प झाला. हे उठले, आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी बाहेर बसून होते. आतून काहीच आवाज येत नव्हता. येणारही नव्हता, एवढं पक्कं काम त्यांनी केलं होतं. मला वाटलं, झोप लागली असेल. कित्येक दिवसांनी.

दार उघडलं तेव्हा ते घामाने थबथबले होते. दोन्ही तळहात कानांवर दाबलेले. हात खाली घेतले, पुन्हा दाबले, पुन्हा खाली घेतले. फरक पडतो का ते बघत असावेत.

"काय झालं हो?"

"आत तर दुसरं काहीच नाहीये," ते म्हणाले. "नुसती तीच शिट्टी आहे. केवढी मोठी झालीय गं."

मग माझ्या शेजारी जमिनीवर बसले. "डॉक्टर बरोबर बोलला," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ दगडासारखी ताठ होती.

त्या खोलीत ते पुन्हा गेले नाहीत. बोर्डाची परीक्षा आली तशी मुलीने तिथे अभ्यासाचं मेज मांडलं. तिला काही सांगायचं असलं की हे उंबऱ्याच्या बाहेर उभे राहायचे. "पापा, अंदर आइए ना," ती म्हणायची. "हाँ, येतो," म्हणायचे आणि परत फिरायचे. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीजवळ त्यांना जरा डोळा लागायचा. हिवाळ्यात कूलर बंद, सगळ्या घराची दारं-खिडक्या बंद. धुक्याने गल्लीतले आवाजही दबलेले. ते दिवस फार वाईट जायचे. माणूस समोर बसलेला असे, पण लक्ष कुठेतरी आत लागलेलं.

शिट्टी कधीच गेली नाही. डॉक्टर बदलले, औषधं बदलली. हळूहळू ते स्वयंपाकघरात माझ्याजवळ स्टूल घेऊन बसू लागले. मी मटार सोलत असायची, नळ वाहत असायचा. मी गप्प झाले की म्हणायचे, "बोल ना काहीतरी." मी भाजीवाल्याबद्दल बोलायची, साताऱ्याच्या माझ्या भावाबद्दल, उद्याच्या डब्याबद्दल. मी काय बोलतेय तिकडे ते लक्ष देत नसत, हे मला ठाऊक होतं. त्यांना फक्त आवाज हवा होता. कधी कधी सांगण्यासारखं काही उरायचं नाही. मग मी समोरच्या वस्तूंची नावं घेत राहायची, चिमटा, परात, पोळपाट, आणि ते भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून ऐकत राहायचे.